जे नाही, ते कळतं कसं?

गेली काही वर्षं मला एका प्रथिनाचा लळा लागला आहे. एनआरपी-आर हे त्याचं नाव. त्याचं काम सांगायला दोन वाक्यं पुरतात. डीएनएच्या एका ठरावीक जागेवर जाऊन बसायचं आणि पुढची जनुकं वाचली जाऊ द्यायची नाहीत. वेळ आली की जागा सोडायची. पण ती वेळ आली हे त्याला कळतं कसं, याचं उत्तर पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. कारण इथे कळायला हवी असते ती एक गैरहजेरी. पेशीत नत्र कमी पडतंय, ही गोष्ट. रेणूंच्या जगात कळणं म्हणजे चिकटणं. कुणीतरी कुणालातरी येऊन चिकटल्याशिवाय काहीच कळत नाही. मग जी वस्तू मुळात नाहीच, ती येऊन चिकटणार कशी?

हे प्रथिन मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये सापडतं. या मिथेनजनकांचा वावर जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा सगळ्या जागी असतो: दलदलीचा तळ, रवंथ करणाऱ्या जनावरांचं पोट, समुद्राच्या तळाशी फुटणारे उष्ण झरे. त्यांच्या श्वासाची पहिली नोंद तशी जुनी आहे. १७७६ साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने तिथल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेटतो हे दाखवलं. बुडबुडे कुणामुळे येतात हे कळायला पुढे पुष्कळ काळ जावा लागला. आणि ते जीव जिवाणू नाहीतच, ही एक निराळी शाखा आहे, हे तर १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएची तुलना केली तेव्हा लक्षात आलं. आज आपण त्या शाखेला आर्किया म्हणतो, आणि तिची ओळख पटली ती मिथेनजनकांमुळेच.

त्यांच्या नत्राच्या व्यवहाराकडे वळायच्या आधी त्यांच्या मिळकतीकडे पाहायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे. हायड्रोजनवर जगणारा मिथेनजनक हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक घेतो, आणि त्यातून मिथेनचा एक व पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात. कागदावरच्या प्रमाणित परिस्थितीत यातून मोलमागे १३१ किलोज्यूल ऊर्जा सुटते. प्रत्यक्ष चिखलात हायड्रोजन इतका विरळ असतो की हातात त्यातला थोडासाच भाग येतो. पेशीचं चलन म्हणजे एटीपी. ज्या मिथेनजनकांत सायटोक्रोम, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारी एक प्रकारची प्रथिनं, नसतात त्यांना एका मिथेनमागे साधारण अर्धा एटीपी मिळतो. पूर्ण एकसुद्धा नाही. ऑक्सिजन वापरून साखर जाळणाऱ्या पेशीला साखरेच्या एका रेणूमागे तीसच्या आसपास एटीपी मिळतात, हे शेजारी ठेवून पाहिलं म्हणजे हे जीव किती कमी मिळकतीवर उभे आहेत ते ध्यानात येतं.

आता खर्चाची बाजू. प्रत्येक पेशीला नत्र लागतं; त्याशिवाय प्रथिनं नाहीत, डीएनए नाही. हवेत नत्र ७८ टक्के आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे जखडलेले असतात की बहुतेक जीवांना त्याचा काडीचा उपयोग नाही. तो बंध तोडून अमोनिया करणारं विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, आहे नायट्रोजिनेज. नत्रवायूच्या एका रेणूमागे ते किमान १६ एटीपी आणि ८ इलेक्ट्रॉन घेतं, आणि शिवाय हायड्रोजनचा एक रेणू सोडून देतं. हिशेब मांडा. एका मिथेनमागे अर्धा एटीपी धरला, तर नत्रवायूचा एकच रेणू फोडण्यासाठी ३२ वेळा मिथेन तयार करावा लागेल. आणि ते आठ इलेक्ट्रॉन वेगळेच. कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करायलाही बरोबर आठच इलेक्ट्रॉन लागतात. म्हणजे जे इलेक्ट्रॉन कमाईला लावता आले असते, तेच या खर्चात जातात.

म्हणून १९८४ साली जेव्हा दोन वेगवेगळ्या गटांनी मिथेनजनक हवेतलं नत्र बांधून घेतात हे दाखवलं, तेव्हा त्याचं नवल वाटणं साहजिक होतं. एका गटाने ते मिथॅनोसार्सिना बार्केरीत पाहिलं, दुसऱ्याने मिथॅनोकॉकस थर्मोलिथोट्रॉफिकसमध्ये. तोवर ही कला फक्त जिवाणूंनाच अवगत आहे अशी समजूत होती. इतक्या तुटपुंज्या मिळकतीवर इतका मोठा खर्च करणारा जीव तो खर्च कधी करायचा आणि कधी नाही याबाबत अत्यंत काटेकोर असणार, हे उघड आहे. या काटेकोरपणाची यंत्रणा पाहताना मला जो आनंद होतो तो कुठल्याही उत्तम रचलेल्या कवितेच्या आनंदाहून कमी नाही, आणि हे मी विचार करून लिहिते आहे.

या जीवांना वाढवणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. मी काही काळ अशा प्रयोगशाळेत होते जिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जीव वाढवले जात. जाड काचेच्या नळ्या, ब्युटाइल रबरची बुचं, त्यांवर दाबून बसवलेली ॲल्युमिनियमची टोपणं. पोषकद्रव उकळून त्यातला ऑक्सिजन घालवायचा, आत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड दाबाने भरायचा. द्रवात रेझाझुरिन नावाचा रंग घातलेला असतो. ऑक्सिजनचा मागमूस उरला असेल तोवर द्रव गुलाबी दिसतो. मग सुईने थोडं सोडियम सल्फाइड आत सोडायचं. गुलाबी रंग आधी फिकट होतो, मग तळाकडून वर हळूहळू नाहीसा होतो आणि शेवटी नळी नितळ दिसते. सल्फाइडचा उग्र वास हाताला दिवसभर राहतो. नितळ नळीत जीव सोडायचे. अमोनिया दिलेला असेल तर नळी लवकर गढूळ होते. अमोनिया न देता नत्रासाठी वरच्या मोकळ्या जागेत नुसता नत्रवायूच मिसळला, तर बराच काळ काहीच घडत नाही असं वाटतं. मग कधीतरी नळी उजेडासमोर धरली की अगदी पुसट धूसरपणा दिसतो. त्याच जीवांचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, जांभळट प्रकाशात पाहिला तर पेशी स्वतःहून निळसर हिरव्या चमकतात. एफ-४२० नावाच्या त्यांच्याच एका सहविकराची ती चमक असते. त्या पुसट धूसरपणामागे केवढा खर्च आहे हे माहीत असल्यामुळे मी ती नळी नेहमी जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवत असे.

तर मूळ प्रश्न. नत्र नाही हे कळतं कसं?

पेशी नत्र वापरात आणते ती प्रामुख्याने ग्लुटामेट आणि ग्लुटामाइन या दोन अमिनो आम्लांच्या वाटेने. अमोनिया ज्या सांगाड्यावर चढतो तो पाच कार्बनांचा एक रेणू आहे, त्याचं नाव २-ऑक्झोग्लुटारेट. त्याच्यावर नत्र बसलं की ग्लुटामेट. ग्लुटामेटवर आणखी एक बसलं की ग्लुटामाइन. पुढे या दोघांकडून नत्र सगळीकडे वाटलं जातं. आता बांधकामाची जागा डोळ्यांपुढे आणा. विटा येत आहेत, रचून ठेवल्या जात आहेत, पण सिमेंट आलेलं नाही. विटांचा ढीग वाढत चालला की सिमेंट संपलंय हे कुणी सांगावं लागत नाही. पेशीतही तेच होतं. नत्र कमी पडलं की २-ऑक्झोग्लुटारेट वापरलं जात नाही आणि साचत जातं. नत्र नाही ही गोष्ट चिकटू शकत नाही, पण नत्राची वाट पाहत साचलेला रेणू चिकटू शकतो.

मिथेनजनकांच्या बाबतीत ही खूण विशेष स्वच्छ आहे. आपल्या पेशींत २-ऑक्झोग्लुटारेट हे क्रेब्स चक्रातलं, म्हणजे अन्न जाळून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांच्या साखळीतलं, एक मधलं स्थानक असतं. तिथून ते पुढे जळतही जातं, त्यामुळे त्याच्या चढउताराला बरीच कारणं असू शकतात. मिथेनजनकांत हे चक्र पुरं होत नाही. मिथॅनोकॉकस मारिपालुडिस या मिथेनजनकात तर रासायनिक वाट उलट्या दिशेने चालते आणि २-ऑक्झोग्लुटारेटपाशी येऊन थांबते. तिथून पुढे जाण्याचा मुख्य रस्ता एकच, नत्र घेऊन ग्लुटामेट होणे. ज्या रेणूला दुसरं फारसं काही करायचंच नाही, त्याचं साचणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. अपुरं चक्र म्हणजे काहीतरी उणीव, असं पाठ्यपुस्तकं वाचताना वाटत राहतं. इथे त्या अपुरेपणातूनच एक चोख मोजमाप तयार झालं आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते. बाहेर अमोनिया किती आहे हे ही पेशी मोजत नाही. ती आपल्या आतला कार्बन आणि नत्र यांचा ताळमेळ पाहते. समजा नत्राबरोबर कार्बनही आटला, वाढच थांबली. मग सांगाडेच तयार होणार नाहीत, २-ऑक्झोग्लुटारेट साचणार नाही, आणि महागडं नत्रबंधन सुरू करण्याचं कारणही उरणार नाही. नत्र नाही आणि ते हवंही आहे, अशा दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील तेव्हाच ढीग वाढतो. तर्काने पाहिलं तर एकाच रेणूच्या पातळीत दोन प्रश्नांची उत्तरं आली.

आता एनआरपी-आरकडे. मारिपालुडिस ही जात १९८३ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या खाऱ्या दलदलीतून वेगळी काढली गेली, आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन ली यांच्या प्रयोगशाळेने नत्राच्या नियमनाचं बरंचसं कोडं तिच्यावरच सोडवलं. तिचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा सगळा मजकूर, अवघा १७ लाख अक्षरांच्या आत बसतो. त्यात नत्रबंधनाच्या जनुकांच्या, म्हणजे निफ जनुकांच्या, सुरुवातीजवळ एक लहानसा ठसा आहे: जी-जी-ए-ए, मग कोणतीही सहा अक्षरं, मग टी-टी-सी-सी. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर तो सारखाच वाचला जातो. १९९७ साली या गटाने दाखवलं की हा ठसा बिघडवला तर अमोनिया असतानाही निफ जनुकं वाचली जातात. म्हणजे कुणीतरी इथे येऊन बसतं आणि अडवतं. पण ते कोण, हे माहीत नव्हतं. आर्कियामध्ये अशी अडवणुकीची जागा जिवंत पेशीत दाखवली जाणं हेच तेव्हा नवीन होतं.

ते कोण हे शोधायची रीत मला फार आवडते, कारण ती अगदी सरळ आहे. तोच ठसा असलेले डीएनएचे तुकडे गळाला लावायचे आणि पेशींचा अर्क त्यावरून जाऊ द्यायचा. ज्याला तो ठसा ओळखता येतो तोच अडकून राहील. २००३ साली अडकलं ते एनआरपी-आर. पूर्वी कधी न पाहिलेलं, आर्कियाच्या एका मोठ्या गटातच आढळणारं प्रथिन. त्याचं जनुक काढून टाकलेल्या पेशींत अडवणूक संपली आणि निफ जनुकं अमोनियाच्या भरपूर पुरवठ्यातही चालू राहिली. जनुक परत घातलं, अडवणूक परत आली. एक गोष्ट मात्र तेव्हाही हातात नव्हती. नत्र असो वा नसो, पेशीत एनआरपी-आर तेवढंच असतं. त्याची संख्या बदलत नाही, पकड बदलते. ती पकड सैल कोण करतं?

२००५ साली उत्तर छापून आलं: २-ऑक्झोग्लुटारेट. तेच साचलेलं. ते थेट एनआरपी-आरला चिकटतं आणि डीएनएवरची त्याची पकड ढिली होते. पुढे २०१० साली दुसऱ्या एका मिथेनजनकातल्या याच प्रथिनाच्या तुकड्याची त्रिमितीय रचना समोर आली आणि २-ऑक्झोग्लुटारेट त्याच्यात नेमकं कुठे बसतं हेही दिसलं.

पण या २००५च्या कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निराळी आहे. निफ जनुकांपुढे ठसा एक नाही, लागोपाठ दोन आहेत. पहिल्याची पकड घट्ट, दुसऱ्याची कमजोर. अमोनिया भरपूर असेल तर पहिला एकटाही अडवणुकीला पुरतो. मग दुसरा कशासाठी? मारिपालुडिस अलानिन या अमिनो आम्लातूनही नत्र मिळवू शकते. अमोनियाइतकी चैन नाही, नत्रवायूइतकी ओढाताणही नाही, मधली स्थिती. अशा वेळी निफ जनुकं पूर्ण बंद नसतात, पूर्ण सुरूही नसतात, मधेच कुठेतरी राहतात. हे मधलं राहणं दुसऱ्या, कमजोर ठशामुळे साधतं. एनआरपी-आर ठशावर बसतं ते जोडीने; अशा दोन जोड्या दोन ठशांवर शेजारी शेजारी बसल्या की एकमेकींना धरून ठेवतात, आणि दोघींची मिळून पकड एकटीपेक्षा पक्की होते. एरवी अलानिनच्या स्थितीत, २-ऑक्झोग्लुटारेट जरासं वाढताच पहिलीची पकड सुटली असती आणि पेशी गरज नसताना सगळा खर्च करून बसली असती. दुसरा ठसा काढून टाकलेल्या पेशींमध्ये हा मधला टप्पाच नाहीसा होतो.

मी हा भाग वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते. स्वतः काहीही अडवू न शकणाऱ्या कमजोर जागेमुळे सगळ्या यंत्रणेला तारतम्य येतं. जीवशास्त्रात आपण फार लवकर विचारतो, हे जनुक महत्त्वाचं की बिनमहत्त्वाचं. दुसरा ठसा एकटा तपासला असता तर कुणीही त्याला बिनमहत्त्वाचा ठरवला असता.

जिवाणूंची पद्धत पाहिली तर फरक लगेच जाणवतो. क्लेबसिएलासारख्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूत नत्राची टंचाई झाली की एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं निफ जनुकांपाशी जाऊन त्यांना चालना देतं, त्यासाठी आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे जनुक वाचणाऱ्या विकराला, खास जोडीदार लागतो. तिथे काम सुरू व्हायला कुणीतरी ढकलावं लागतं. मारिपालुडिसमध्ये मुख्य भर धरून ठेवण्यावर आहे. हात सुटला की जनुकं वाचली जातात. आर्कियाचं जनुक वाचणारं यंत्र जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींतल्या यंत्राच्या अधिक जवळचं आहे, आणि नियमन करणारी प्रथिनं मात्र बऱ्याचदा जिवाणूंच्या धाटणीची. एनआरपी-आर हे या संकरित घडणीचं उत्तम उदाहरण. आणि तरी जिवाणूंनीही नत्राची खूण म्हणून हाच रेणू, २-ऑक्झोग्लुटारेट, अनेक ठिकाणी वापरला आहे. वाचणारी प्रथिनं वेगळी, वाचलं जाणारं तेच.

जनुकं बंद केली म्हणून काम लगेच थांबत नाही, हा पुढचा प्रश्न. आधी तयार झालेलं नायट्रोजिनेज पेशीत असतंच आणि ते एटीपी खात राहतं. अचानक कुठून अमोनिया आला, तर जनुकांच्या पातळीवरचा निर्णय अंमलात यायला वेळ लागेल आणि तेवढ्यात बरंच नुकसान होईल. त्यासाठी दुसरी सोय आहे. मारिपालुडिसच्या निफ जनुकांच्या रांगेत निफ-एच आणि निफ-डी या नायट्रोजिनेजचे घटक घडवणाऱ्या जनुकांच्या मधोमध दोन लहान जनुकं आहेत, निफ-आय-१ आणि निफ-आय-२. त्यांची प्रथिनं मिळून एक संकुल करतात, आणि अमोनिया आला की ते संकुल थेट नायट्रोजिनेजच्या मुख्य घटकाला जाऊन चिकटतं. काम थांबतं. विकर मोडलं जात नाही, नुसतं थांबवलं जातं. अमोनिया संपून २-ऑक्झोग्लुटारेट पुन्हा साचलं की ते या संकुलाला चिकटतं, संकुल बाजूला होतं, आणि विकर जिथल्या तिथे पुन्हा चालू लागतं. हे काम २००५ आणि २००६ साली तपशिलात उलगडलं. नायट्रोजिनेज तयार करण्याची आणि ते थांबवण्याची जनुकं एकाच रांगेत, एकाच वाचनात येतात. यंत्र बनतं तेव्हा त्याचा रोधही बरोबरच बनतो. आणि दोन्ही पातळ्यांवर विचारला जाणारा प्रश्न एकच असल्यामुळे त्यांचा आपसांत विसंवाद होण्याची शक्यता कमी.

मिथॅनोसार्सिना माझेई या दुसऱ्या मिथेनजनकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तिचा जीनोम सुमारे ४१ लाख अक्षरांचा, मारिपालुडिसच्या दुपटीहून मोठा. तिच्यावरचं काम प्रामुख्याने जर्मनीत झालं, रूथ श्मिट्झ यांच्या गटाकडून. तिच्यात एनआरपी-आरचं काम दोन प्रथिनांत वाटलेलं आहे: एक डीएनए धरतं, दुसरं त्याच्या जोडीने जनुक वाचणाऱ्या यंत्राच्या मूळ घटकांशी संबंध ठेवतं. शिवाय एनआरपी-ए नावाचं एक चालना देणारं प्रथिन आहे, जे खास निफ जनुकांसाठी राबतं. म्हणजे इथे अडवणूक उठणं पुरत नाही, ढकलणाराही लागतो. एनआरपी-एचं स्वतःचं जनुक मात्र एनआरपी-आरच्याच ताब्यात.

इथे मला थांबावंसं वाटतं ते एका छोट्या आरएनएपाशी. २००९ साली माझेईच्या पेशींतला सगळा आरएनए वाचून काढण्यात आला, नत्र भरपूर असताना आणि नसताना. त्यात असे अनेक छोटे आरएनए दिसले जे कुठल्याच प्रथिनाचा मजकूर वाहत नाहीत. त्यांतला एक, क्रमांक १५४, फक्त नत्राच्या टंचाईत उगवतो. पुढे कळलं की तो निफ जनुकांच्या आणि एनआरपी-एच्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि त्यांना लवकर विघटित होऊ देत नाही. संदेश टिकला की त्यावरून जास्त प्रथिन बनतं. म्हणजे एनआरपी-आरचा हात सुटताच तीन गोष्टी एकदम घडतात: निफचे संदेश लिहिले जातात, त्यांना चालना देणारं प्रथिन तयार होतं, आणि त्या दोघांचे संदेश जपणारा आरएनएही तयार होतो. निर्णय एकदा झाला की तो अर्धवट राहू नये याची ही तजवीज आहे. इतक्या महाग कामात धरसोड सर्वांत घातक, हे या रचनेवरून स्पष्ट दिसतं.

अमोनिया ग्लुटामाइनमध्ये बांधणाऱ्या विकराचीही तिथे अशीच काळजी घेतलेली आहे. बारा घटक एकत्र येऊन ते विकर कामाला लागतं, आणि त्यांना एकत्र आणण्यात पुन्हा २-ऑक्झोग्लुटारेटचा हात असतो. शिवाय अवघ्या २३ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन या विकराला चिकटून त्याचं काम वाढवतं. जीनोममध्ये जनुकं शोधताना इतके छोटे तुकडे वर्षानुवर्षं गाळून टाकले जात, कारण एवढ्याशा लांबीचं प्रथिन काही करत असेल असं कुणी धरत नसे.

हे सगळं ज्या विकरासाठी चाललं आहे त्याच्याविषयी थोडं सांगायलाच हवं. नायट्रोजिनेजच्या गाभ्यात लोखंडाचे सात, मॉलिब्डेनमचा एक, गंधकाचे नऊ अणू आणि अगदी मध्यभागी कार्बनचा एकच अणू असतो. हा मधला अणू कार्बन आहे हे २०११ साली नक्की झालं. तिथे नत्रवायू फुटतो. ऑक्सिजनने ते लगेच खराब होतं, म्हणून हवेत राहणाऱ्या नत्रबंधक जीवांना त्याला जपण्यासाठी नाना उपाय करावे लागतात. मिथेनजनकांचं सगळं जगच ऑक्सिजनविरहित असल्यामुळे त्यांची ती एक काळजी मिटलेली आहे. उष्णतेचीही त्यांतल्या काहींना पर्वा नाही. २००६ साली समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यातला एक मिथेनजनक ९२ अंश सेल्सिअसला नत्र बांधतो असं दिसून आलं. पाणी उकळायला जेमतेम आठ अंश कमी.

हे विकर इतकं जुनं आहे की ते पहिल्यांदा कुठे घडलं यावर अजून वाद चालू आहेत, आणि मिथेनजनकांचे पूर्वज त्या वादातले एक प्रमुख दावेदार आहेत. दाव्याचा निकाल काहीही लागो, एक नातं मात्र आता पक्कं झालं आहे. मिथेन तयार करण्याची शेवटची पायरी ज्या विकराने पार पडते, त्याला एफ-४३० नावाचा निकेलयुक्त सहघटक लागतो. तो नसेल तर मिथेन नाही, मिथेन नसेल तर ऊर्जा नाही. हा एफ-४३० पेशीत कसा घडतो हे २०१६ आणि २०१७ साली दोन गटांच्या कामातून उलगडलं. त्या घडणीतली एक अवघड पायरी ज्या दोन प्रथिनांनी साधते, ती नायट्रोजिनेजच्या निफ-एच आणि निफ-डीची जवळची नातलग निघाली. तीही एटीपी खर्चून इलेक्ट्रॉन एकेक करून ढकलतात, त्याच पद्धतीने. जे मिथेनजनक नत्र बांधत नाहीत, त्यांच्यातही ही जोडी आहे, कारण तिच्याशिवाय त्यांना जगताच येणार नाही. म्हणजे या जीवांच्या सगळ्या मिळकतीच्या मुळाशी असलेली प्रथिनं आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या खर्चाची प्रथिनं एकाच घराण्यातली आहेत. त्यांतल्या खर्चाच्या शाखेवर एनआरपी-आर, निफ-आय आणि तो छोटा आरएनए यांचा एवढा पहारा आहे. मिळकतीच्या शाखेवर कुणाचा आणि कसा पहारा असतो, हे मला आता वाचायचं आहे.